निरंक

(पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींसाठी घेतलेल्या निवासी शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढून बाकी जसंच्या तसं देत आहोत. – संपादक)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘करिअर मार्गदर्शन’ असं छापलंय. ते वाचून मला जरा धास्तीच वाटली. कुणाला मार्गदर्शन करावं असं माझं काही मोठं करिअर नाही. पण ताईंनी फोनवर सांगितलं, की तुमच्यातल्या सात-आठ जणी येत्या वर्षी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत वर्षभराच्या इंटर्नशिपला जायच्या विचारात आहेत, त्यांच्याशी बोल. तेव्हा मी हो म्हटलं. कारण ते वर्ष मी काढलंय. जून 2014 ते मे 2015. त्या वर्षाबद्दल दोन-तीन मैत्रिणी सोडल्या तर मी आजवर कुणाशी नीट बोललेले नाही. का, ते ओघात येईलच.

आम्ही जालना जिल्ह्यातले. घरची दोन एकर मोसंबी. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातल्या कितीतरी बागा जळाल्या, त्यात आमचीही गेली. बाग जळते म्हणजे एका हंगामाचं पीक जात नाही. नवी झाडं लावून हाती पैसा यायला पुन्हा पाच-सहा वर्षं जातात. मी तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एम. एस. डब्ल्यू. करायला गेले होते. पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं. दुसऱ्या वर्षाच्या फीचं आणि खोलीभाड्याचं गणित काही जुळेना. त्याच सुमाराला आमच्या एका सरांनी सांगितलं, मुंबईत एका कंपनीला मनुष्यबळ विभागात वर्षभरासाठी प्रशिक्षणार्थी हवेत, महिना आठ हजार देतील. एक वर्ष थांब, पैसे साठव, अनुभव घे, मग दुसरं वर्ष पुरं कर.

वडील म्हणाले, जा. आई काहीच बोलली नाही. स्टेशनवर तिनं माझ्या हातात दोन हजार रुपये ठेवले. ते कुठून आणले हे मी विचारलं नाही, विचारायची हिंमतच झाली नाही. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं निघाले आणि सकाळी दादरला उतरले.

राहायला जागा मिळाली ती लालबागच्या एका चाळीत, कॉट बेसिसवर. एका खोलीत आम्ही तिघी मुली आणि घरमालकीण काकू. रात्रीच्या जेवणासकट महिन्याला चार हजार. ऑफिस लोअर परळला. करी रोडच्या पुलावरून चालत गेलं की पंचवीस मिनिटं, म्हणून लोकलच्या पासाचे पैसे वाचले. हजार रुपये घरी पाठवायचे. दुपारचं जेवण, चहा, मोबाईल यांत दीडेक हजार जायचे. पहिल्या महिन्यात ‘फॉर्मल’ कपडे आणि बूट घेण्यात आईचे दोन हजार संपले. हा सगळा हिशेब मी मुद्दाम सांगतेय. इंटर्नशिपला जाताना बायोडाटा कसा लिहावा हे सगळे शिकवतात, महिन्याचा हिशेब कुणी मांडून देत नाही. घरचं पाठबळ असलेल्या मुलीला तो मांडायची गरजच नसते. तिच्यासाठी ते वर्ष अनुभवाचं असतं. आपल्यासाठी ते अनुभवाचं तर असतंच, शिवाय पोटाचंही असतं. नको असलेल्या जागेतून उठून जायची सोय आपल्याला नसते. हा फरक पुढे लक्षात ठेवा.

काकूंबद्दल थोडं सांगते. आमचं ऑफिस होतं ती काचेची इमारत एका गिरणीच्या जागेवर उभी होती. हे मला कंपनीत कुणी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. काकूंचे यजमान त्यांतले एक. काकू त्याआधीपासून खाणावळ चालवायच्या, पंधरा-वीस गड्यांना दोन वेळचं रांधून घालायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. काकू त्या मंडळाच्या सभासद होत्या. संप चिघळला, गडी गावाला गेले, खाणावळ बसली. यजमानांना गिरणीनं परत घेतलं नाही. पुढे त्याच खोलीत त्यांनी मुली ठेवायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “तुमच्या हापिसात युनियन आहे का गं?”

मी म्हटलं, “नाही काकू.”

“मग काही झालं तर बोलायचं कुणाशी?”

“एच. आर.शी.”

“ते कुणाचे?”

“कंपनीचे.”

काकू नुसतं “अस्सं” म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. मी एच. आर.मध्येच होते.

आता ऑफिसबद्दल. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र. कायम नोकरांच्या पत्राची फीत निळी, आम्हा प्रशिक्षणार्थींची पिवळी. सफाईच्या आणि पॅन्ट्रीच्या बायकांना फीतच नाही, कंत्राटदारानं दिलेला कागदी पास तेवढा. कुणाशी किती बोलायचं हे लोक फितीकडे बघून ठरवायचे. मीसुद्धा दोन महिन्यांत तेच करायला लागले, हे आज सांगताना लाज वाटते. इंग्रजीची भीती होतीच. माझ्यासारख्यांना तिथे ‘व्हर्नॅक’ म्हणायचे. पहिले काही दिवस मी बैठकीत तोंडच उघडलं नाही. बोलायचं वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचं, ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पण ती भीती सहा महिन्यांत गेली. ज्यांचं इंग्रजी सफाईदार आहे त्यांनाही कामातलं सगळं कळतं असं नाही, हे दिसलं की ती जातेच. तेव्हा त्याची फार चिंता करू नका.

दुसरी गोष्ट इतकी सहज गेली नाही. माझ्याबरोबर पुण्याचा एक मुलगा प्रशिक्षणार्थी होता. स्वभावानं चांगला होता. तो रात्री दहापर्यंत बसायचा. महत्त्वाच्या बैठका संध्याकाळी सातला सुरू व्हायच्या, खरे निर्णय त्यानंतरच्या चहावर व्हायचे. काकूंचा नियम असा, की मुलींनी साडेनऊच्या आत घरात. मी साडेआठ-पावणेनऊला निघायचे. सहामाही मूल्यमापनात त्याच्या नावापुढे ‘कमिटमेंट उत्तम’ आणि माझ्या नावापुढे ‘लवकर निघते’. सकाळी साडेआठला टेबलावर मी असायचे, तो साडेदहाला यायचा. पण सकाळी लवकर येण्याला तिथे काही नाव नव्हतं. तेव्हा मला राग आला तो काकूंचा! नियम त्यांचा, म्हणून. ज्यांनी सातला बैठक ठेवली त्यांचा राग यायला मला बराच काळ लागला.

आता मुख्य गोष्ट.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 साली झाला आणि 9 डिसेंबर 2013 पासून लागू झाला. त्यामागे राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवींचा लढा आहे. त्या सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1997 साली ‘विशाखा’ निकाल आला आणि कायदा व्हायला त्यापुढे सोळा वर्षं लागली. मी मुंबईत गेले तेव्हा कंपन्यांची नुकतीच धावपळ सुरू झाली होती. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा हवा. नाही केली तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड.

आमच्या कंपनीतही समिती झाली. म्हणजे फाईल झाली. फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी समाजकार्याची विद्यार्थिनी! मला फार आनंद झाला होता. वर्गात शिकलेलं काहीतरी आता खरं होणार असं वाटलं. कायद्याची प्रत मीच झेरॉक्स करून फाईलला लावली. बैठकींची इतिवृत्तं मी टाईप करायचे. त्या बैठका झालेल्याच नसायच्या. मॅडम मला तारीख सांगायच्या, मी मागच्या इतिवृत्ताची तारीख बदलून नवं तयार करायचे. बाहेरच्या सदस्य म्हणून एका संस्थेच्या बाईंचं नाव होतं. त्यांना कधीच बोलावलं गेलं नाही. सहीसाठी कागद कुरियरनं जायचे आणि सही होऊन परत यायचे. इथे आपल्या संस्थांतल्या ताई बसल्या आहेत, म्हणून हे जरा मोठ्यानं सांगते. ती सही कंपनीतल्या कुणाची नव्हती, आपल्यापैकीच एकीची होती.

आमच्या मजल्यावर सफाईचं काम करणारी एक बाई होती. सगळे तिला ‘मावशी’ म्हणायचे. ती माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेल. हातात फडकं आलं की कंपनीत कुठलीही बाई मावशी होते. नात्याचं नाव दिलं की खरं नाव विचारायची गरज उरत नाही. तिचं नाव मला तिसऱ्या महिन्यात कळलं. ते मी इथे सांगत नाही. मानखुर्दला राहायची, दोन मुलं सासूजवळ ठेवून यायची. मराठी बोलणारी तिथे मी एकटीच तिच्याशी बसून चहा प्यायचे, म्हणून आमचं जमलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. एक दिवस पॅन्ट्रीत तिनं मला विचारलं, “ताई, संध्याकाळची माझी पाळी बदलून मिळंल का?” मी म्हटलं, का? ती थोडा वेळ कप विसळत राहिली. मग म्हणाली, आमच्याच मजल्यावरचे एक साहेब सातनंतर केबिन पुसायला बोलावतात आणि दार लावून घेतात. काय बोलतात, काय करतात, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. ती वाक्यं मी इथे उच्चारत नाही. शेवटी म्हणाली, “नुसती पाळी बदलून द्या, बाकी काही नको.”

मी ताबडतोब मॅडमकडे गेले. माझा विश्वास होता. कायदा आहे, समिती आहे, फाईल तर माझ्याच कपाटात आहे. मॅडमनी दार लावून घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ती आपली एम्प्लॉई नाही. कंत्राटदाराची आहे. आपल्या समितीत हे बसत नाही. आणि लेखी काही आहे का?” मी म्हटलं, तिला लिहिता येत नाही. “मग झालं तर,” त्या म्हणाल्या. “मी कंत्राटदाराशी बोलते.”

त्या बोलल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती कामावर आली नाही. कंत्राटदारानं तिची ‘साईट’ बदलली होती. मालाडच्या एका इमारतीत टाकलं होतं. मानखुर्दहून मालाड म्हणजे काय, हे मुंबईत राहिलेल्यांना विचारा. हार्बरनं यायचं, गाडी बदलायची, वर पुन्हा रिक्षा किंवा बस. सकाळी सातला हजेरी. तिनं मला एकदा फोन केला. “ताई, मी पाळी बदलून मागितली होती, काम नव्हतं बदलायला सांगितलं,” एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. महिन्याभरानं तिचा फोन बंद लागायला लागला.

जानेवारीत वार्षिक अहवाल करायचा होता. कायद्यानं समितीला दर वर्षी तो द्यावा लागतो. मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला. त्यात रकाने ठरलेले असतात. वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांहून अधिक काळ किती पडून आहेत, किती कार्यशाळा घेतल्या, काय कारवाई झाली. मॅडम म्हणाल्या, कार्यशाळेपुढे दोन लिही, बाकी सगळीकडे निल. निल म्हणजे आपल्या सरकारी मराठीत ‘निरंक’.

मी लिहिलं. कुणी बंदूक रोखली नव्हती. हो मॅडम म्हटलं आणि पाच मिनिटांत टाईप करून दिलं. मनात काय होतं तेही प्रामाणिकपणे सांगते. मे महिन्यात मिळायचं प्रमाणपत्र होतं, आठ हजार रुपये होते, वडिलांची जळालेली बाग होती. आणि एक सोयीचा विचार होता, की कायद्यातच बसत नाही तर मी काय करणार?

त्या रात्री काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “कागदावर सही तुझी आहे का?” मी म्हटलं, नाही, मी फक्त टाईप केलं. काकू म्हणाल्या, “आमच्या वेळीही कुणी ना कुणी नुसतं टाईपच केलं असंल.” मग ताट वाढलं. त्यांनी मला बोल लावला नाही, पण मला जेवण गेलं नाही.

मी मेपर्यंत तिथेच राहिले. प्रमाणपत्र घेतलं. त्यावर ‘प्रामाणिक आणि सहकार्यशील’ असं लिहिलंय. साडेअकरा हजार साठले होते, त्यात थोडं कर्ज घालून दुसऱ्या वर्षाची फी भरली. मग वर्गात हा कायदा अभ्यासाला आला. सरांनी कलम 2 मधली ‘कर्मचारी’ची व्याख्या वाचून दाखवली. नियमित, तात्पुरता, रोजंदारीवरचा. थेट नेमलेला किंवा कंत्राटदारामार्फत आलेला. पगार घेणारा किंवा बिनपगारी. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी. सगळे त्यात होते. ती होती, मीही होते. आणि ही व्याख्या मी स्वतः झेरॉक्स केलेल्या प्रतीत पहिल्या काही पानांतच होती. मी ती फाईलला लावली होती, वाचली नव्हती. मॅडम म्हणाल्या म्हणजे तसंच असणार, असं धरून चालले.

पुढे वाचत गेले तसं एकेक उमगत गेलं. लेखी तक्रार करता येत नसेल तर समितीच्या सदस्यांनीच ती लिहायला मदत करायची आहे. बाईला स्वतः तक्रार देणं काही कारणानं शक्य नसेल, तर तिच्या लेखी संमतीनं घटना माहीत असलेली दुसरी व्यक्ती ती देऊ शकते. म्हणजे तिच्या अंगठ्यावर मी देऊ शकले असते. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. म्हणजे मी निरंक टाईप केलं त्या दिवशी मुदत संपलेली नव्हती. चौकशी चालू असताना बाईनं लेखी मागणी केली तर तिची किंवा त्या माणसाची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते. इथे समिती बसलीच नाही, चौकशी झालीच नाही आणि बदली मात्र झाली. तिची झाली.

मी तिला शोधायचा प्रयत्न केला. मानखुर्दला दोनदा जाऊन आले. पत्ता अर्धवट होता. ती सापडली नाही.

काही जणींना वाटेल, की दोष त्या मॅडमचा. दोष होताच. पण त्या मजल्यावर त्या हुद्द्यावरच्या त्या एकट्याच बाई होत्या. घरी दोन वर्षांचं मूल होतं. तो साहेब कंपनीला धंदा आणून देणारा होता. तोंड उघडलं असतं तर पुढचा नंबर आपला, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पुरुषप्रधान व्यवस्थेत प्रत्येक वेळी पुरुषालाच पुढे यावं लागत नाही. एक बाई सांगते, दुसरी टाईप करते, तिसरी कुरियरनं आलेल्या कागदावर सही करते, आणि चौथीची साईट बदलते. साहेब केबिनमध्येच असतो. म्हणून मॅडमच्या नावानं बोटं मोडून मला सुटता येत नाही.

मग ते वर्ष वाया गेलं का? तसं मी म्हणणार नाही. हजेरीपट कसा वाचायचा, पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधी कुठे कापला जातो आणि कंत्राटी माणसाचा तो भरला जातो की नाही हे कसं तपासायचं, हे मी तिथेच शिकले. आज वस्तीत बायका पगाराची चिठ्ठी घेऊन येतात तेव्हा ते कामाला येतं. स्वतःच्या नावाचं बँकखातं, स्वतःचं कार्ड, रविवारी कुणाला न विचारता वरळीच्या समुद्रावर जाऊन बसणं, हे मला त्या शहरानं दिलं. आमच्या गावात रस्त्यात उभं राहिलं तरी ‘कुणाची गं तू’ असं विचारतात. तिथे कुणी विचारत नाही. त्यात एकटेपणा आहे, पण मोकळा श्वासही आहे. आपल्या मुलींनी जाऊ नये असं मी कधीही म्हणणार नाही. जायचंच आहे. पण डोळे उघडे ठेवून.

2024 साली केंद्र सरकारनं पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली. 21 ते 24 वयाच्या मुलामुलींना देशातल्या पहिल्या पाचशे कंपन्यांत बारा महिने. जाहीर झाली तेव्हा महिना पाच हजार रुपये आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार. मला 2014 साली आठ हजार मिळायचे आणि त्यातले चार हजार कॉटला जायचे. पाच हजारांत मोठ्या शहरात कोण राहू शकेल, याचा हिशेब तुम्हीच करा. ज्याचं घर शहरात आहे तो राहील. ज्या मुलीला बाहेर पडायची सगळ्यांत जास्त गरज आहे तिला ते परवडणार नाही. म्हणून अशा योजनांबरोबर मुलींच्या वसतिगृहांची मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि वसतिगृहं अशी, की ज्यांचं दार रात्री आठला बंद होत नाही.

आता जाणाऱ्या मुलींसाठी चार गोष्टी. पहिली, जायच्या आधी लेखी पत्र घ्या. किती महिने, किती पैसे, कामाचे तास किती, सुटी किती आणि तुम्ही कुणाच्या हाताखाली. ‘सगळं बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. दुसरी, पहिल्या आठवड्यात अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं विचारा. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. विचारल्यानं कुणी काढून टाकत नाही, उलट ही मुलगी कायदा जाणते एवढं कळतं. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांनासुद्धा ती वाट खुली आहे. तिसरी, काही खटकलं की त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहा. ती वही ऑफिसात ठेवू नका. संदेश आले असतील तर पुसू नका. चौथी, एकटीनं जाऊ नका. इंटर्न मुली, रिसेप्शनवरची, पॅन्ट्रीतली, यांची आपसांत ओळख हवी. काकू म्हणायच्या, एकीनं तक्रार केली की ती जाते, चौघींनी केली की त्यांना बसून बोलावं लागतं. समिती बसवायची तर आधी आपण एकत्र बसलं पाहिजे.

आज मी दोन-तीन ठिकाणी अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. कुरियरनं आलेल्या कागदावर सही करत नाही, बैठक असेल तरच जाते. गेल्यावर आधी पॅन्ट्रीत जाते. तिथल्या बायकांना विचारते, समितीत कोण आहे माहीत आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. सूचनाफलक रिसेप्शनला लावलेला असतो, इंग्रजीत, गुळगुळीत काचेच्या चौकटीत. तो मराठीत आणि हिंदीत करून पॅन्ट्रीत आणि बायकांच्या स्वच्छतागृहात लावायला मी सांगते. एवढ्याशा गोष्टीला काही ठिकाणी सहा-सहा महिने लागतात. 2023 च्या मे महिन्यात गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी असल्याचं म्हटलं. दहा वर्षांनंतरही. ते वाचून मला नवल वाटलं नाही. फाईल कशी होते हे मी पाहिलेलं आहे, मीच केलेली आहे.

म्हणून कुठल्याही संस्थेचा, कंपनीचा, कॉलेजचा अहवाल हातात आला आणि तक्रारींच्या रकान्यात निरंक दिसलं, की मला हायसं वाटत नाही. मी विचारते, तुमच्याकडे सफाईला किती बायका आहेत? त्यांतल्या किती जणी यंदा सोडून गेल्या? कुणाची साईट बदलली? कधी कधी समोरचे गप्प बसतात. मग आम्ही तिथून कामाला सुरुवात करतो.

तुमच्यातल्या ज्या जाणार आहेत त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात कधीतरी असा कागद येईल. टाईप करायला, सहीला, नाहीतर नुसता झेरॉक्सला. त्याआधी तो वाचा. माझ्याकडून ते राहिलं.

एवढं बोलून थांबते.